टेकूभाऊंची गिटार आणि शुद्धीतली माणसं

गोंदियाला चाललोय असं सांगितलं की आमच्या सांगलीकडची माणसं दोनच प्रश्न विचारतात. तिकडे कुणाचं लग्न आहे का? आणि नसेल, तर मग वाघ बघायला का? दिवाळीनंतर मी तिकडे जाऊन आलो, तो या दोन्हींसाठी नव्हे. एका म्हाताऱ्या माणसाची गिटार ऐकायला गेलो होतो. खरं सांगायचं तर ज्यासाठी गेलो ते निम्मंच पदरात पडलं, आणि तरीही इतका खूश होऊन मी कुठल्याच गावाहून परतलेलो नाही.

आधी थोडी मागची हकीकत. मी गिटारचा क्लास चालवतो. तरुणपणी पुण्यातल्या एका बारमध्ये वाजवायचो, तेव्हा माझ्या खोलीवर प्रमोद नावाचा नागपूरचा मित्र राहायचा. तोही गिटारवाला, पण त्याची तऱ्हाच निराळी. आम्ही सगळे प्लास्टिकची पट्टी चिमटीत धरून तारा छेडणारे, आणि हा पठ्ठ्या नुसता अंगठा आणि नखं चालवायचा. अंगठ्याने खर्जाचा ठेका, मध्ये तळव्याने तारा दाबून खटखट ताल आणि वर गाण्याची चाल, असं सगळं एकाच गिटारीतून निघायचं. डोळे मिटून ऐकलं तर तिघे वाजवताहेत असं वाटायचं. शिवाय तो घोडीपाशी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीपाशी, तारांखाली एक चिंधी खुपसायचा. त्यामुळे तारांची झणझण मरायची आणि आवाज बुटका, टकटकीत यायचा.

"हे माझं नाही रे," प्रमोद म्हणायचा. "हे टेकूभाऊंचं."

पुढे नागपूरकडचा जो जो गिटारवाला भेटला, त्याच्याकडे तीच चिंधी आणि तेच नाव. लग्नातल्या ऑर्केस्ट्रातला असो की हॉटेलातला, सगळे टेकूभाऊंचे नाही तर त्यांच्या चेल्यांचे चेले. खुद्द टेकूभाऊ नागपुरात स्टेशनजवळच्या एका परमिट रूममध्ये वर्षानुवर्षं वाजवायचे. त्यांची कॅसेट नाही, रेकॉर्ड नाही, साधं ध्वनिमुद्रणही नाही. एके दिवशी ते गिटार पेटीत घालून गावी गेले आणि धान पिकवू लागले, एवढंच सगळ्यांना ठाऊक.

या दिवाळीत प्रमोदचा फोन आला. "टेकूभाऊ गावच्या मंडईच्या जत्रेत वाजवणार आहेत. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, मी हलू शकत नाही. तू तरी जा."

मी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "जा. नाही तर वर्षभर तोंड पाडून बसाल."

गोंदिया

गोंदियात उतरलो आणि महाराष्ट्रातच आहोत ना, अशी शंका आली. रिक्षावाला हिंदी, चहावाला हिंदी, आलूबोंडा देणारी बाईही हिंदी. मी मराठीत विचारायचो, ते हिंदीत उत्तर द्यायचे, आणि दोघांचंही काही अडायचं नाही. मग मीच नकळत "भैया, तिरोडा की बस कहाँ लगती है?" असं माझ्या सांगली-हिंदीत विचारलं, तर समोरचा माणूस शुद्ध मराठीत म्हणाला, "तिकडून घ्या, सरळ."

आमच्याकडे बाजारपेठेत हळदीचा आणि गुळाचा वास असतो. इथे हवेलाच उकडलेल्या धानाचा वास. गावाबाहेर राइस मिलची धुराडी आणि कोंड्याचे ढीग. आलूबोंड्यावर रस्सा ओतून देतात, तो तिखट असेल म्हणून मी घाबरत पहिला घास घेतला, तर चांगलाच मवाळ निघाला. कोल्हापूर-सांगलीचा माणूस असल्याचा मला थोडा गर्व झाला, तो पुढे लवकरच उतरला.

बोदलकशाच्या वाटेवर

तिरोड्याला टेकूभाऊ स्वतः मोटरसायकल घेऊन आले होते. मनात मी त्यांची एक मूर्ती घडवली होती : लांब केस, काळा चष्मा. समोर आला तो पांढऱ्या मिशांचा, सडपातळ शेतकरी. कमरेला लुंगी आणि पायांना चिखल.

"परमोदचे दोस्त ना जी? बसा. मांगं पकडून बसजा, रस्ता खराब हाय."

त्यांचं पूर्ण नाव टेकचंद. जात पवार. फार पूर्वी माळव्यातून इकडे आलेली ही शेतकरी मंडळी घरात पवारी बोलतात, गावात झाडीबोली, म्हणजे या झाडीपट्टीतली मराठी, आणि बाजारात हिंदी. रस्त्याच्या दोन्ही अंगांना धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली छोटी छोटी वावरं. हलकं, म्हणजे लवकर येणारं धान कापून झालेलं, उशिरा येणारं भारी धान अजून पिवळं उभं. वरून एक छोटं विमान घरघरत गेलं, पुन्हा फिरून आलं.

"बिरसीच्या विमानतळाचे पोट्टे," भाऊ न वळता म्हणाले. "विमान चालवाले शिकून राहिले."

भाऊंचं गाव बोदलकशाच्या तळ्यापासून हाकेच्या अंतरावर. नाव लिहीत नाही, कारण त्यांनीच बजावलंय : "नाव टाकसान त हे गिटारवाले लाइन लावतीन, आनि आमच्या घरची वर भात रांधून मरन."

घरची म्हणजे कुंताबाई. मी त्यांना वैनी म्हणू लागलो. ठेंगण्या, कामसू आणि बोलायला एक घाव दोन तुकडे. मी बांधावरून येताना घसरून बांधीत बसलो होतो, पँट चिखलाने भरली होती. त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं आणि भाऊंची लुंगी हातात ठेवली.

"तुमाले बांधावर चालता येत नाही, आनि तुमी अठी आले कायले?"

"गिटार ऐकायला."

"बापा," त्या म्हणाल्या आणि चुलीकडे वळल्या. जेवणात भात, लाखोळीची डाळ आणि तळ्यातल्या झिंग्यांचा रस्सा होता. आमच्याकडे भात शेवटी घासभर घेतात. इथे भाताचा डोंगर हेच जेवण, आणि भाकरी मागितली तर तुमची तब्येत बरी आहे ना, अशी चौकशी होते. रस्सा मात्र असा झणझणीत की आलूबोंड्याच्या वेळचा माझा गर्व तिथेच घाम होऊन निथळला.

तळ्याच्या पाळीवर

दुपारी भाऊ मला तळ्याच्या पाळीवर घेऊन गेले. पलीकडे जंगलाचे डोंगर, पाण्यात मासे धरणाऱ्या ढिवरांच्या होड्या. तिथे बसून त्यांनी मला आपली कहाणी सांगितली. मी विचारलं म्हणूनच. स्वतःहून ते पिकाशिवाय दुसऱ्या कशाबद्दल बोलत नाहीत.

गोंदियाच्या रेल्वे कॉलनीत एक गार्डसाहेब गिटार वाजवायचे. पोरसवदा टेकचंद तेव्हा गोंदियात राहून त्यांच्याकडे दूध टाकायला जायचा. दूध ओतून झालं तरी हलायचा नाही. गार्डसाहेबांनी आधी हाकललं, मग शिकवलं, आणि बदली झाली तेव्हा जुनी गिटार देऊन टाकली. मग गोंदियाच्या ऑर्केस्ट्रात लग्नं आणि गणपती. तिथे भाऊ सगळ्यांच्या मागे, पडद्याला टेकून. नाव टेकूच पडलं, ते तेव्हापासून. मग नागपूर. बारच्या मालकाला पाच जणांचा बँड हवा होता पण परवडत नव्हता. "मी म्हटलं, मी एकटाच पाचायचं वाजवतो." तेच ते तीन आवाज एका गिटारीतून काढणं. पोट भरायला शोधलेली युक्ती.

मुंबईहूनही बोलावणं आलं होतं. भाऊ गेले आणि महिन्यात परतले. "तठी कागद पाहून वाजवा म्हनत. कागदावर पाहू का गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं पाहू?" पुढे ठेका आपोआप वाजवणारे कीबोर्ड आले, मग नुसताच लॅपटॉप, आणि भाऊ गावी आले. त्यांना त्याचं दुःख दिसलं नाही. धान रोवायला लागलो आणि पाठदुखी गेली, असं म्हणाले.

मी सुटकेस उघडल्यासारखं मनातलं सगळं बाहेर काढलं. विदर्भातल्या कुठल्याही वरातीत आज गिटार तुमच्यासारखी वाजते, तुम्हाला माहीत आहे का? आणि ती चिंधी! ती कशी सुचली? त्या बुटक्या आवाजामागे काय विचार होता?

भाऊ माझ्याकडे वळले.

"चिंधी? ते त काउंटर पुसाचं फडकं होतं जी. मी काउंटरच्या बाजूले बसू. माझ्या आवाजानं वेटरची ऑर्डर मालकाले ऐकू येये ना. त एक दिवस त्यानं फडकं उचललं आनि तारायखाली कोंबलं."

"मग तुम्ही काढलं नाहीत?"

"काढलं का तो परत कोंबे. मंग राहू देल्लं."

मी गेली वीस वर्षं क्लासातल्या प्रत्येक पोराला तारांखाली रुमाल घालायला लावतोय. त्यातल्या काहींना मी रुमालाच्या कापडावरूनही बोललोय. हे सांगितल्यावर भाऊ इतके हसले की त्यांना ठसका लागला, आणि होडीतला ढिवर वल्हं थांबवून बघू लागला. मीही हसलो. दुसरं करणार काय?

मग म्हणालो, "उद्या तरी मनासारखं वाजवाल."

त्यांचं हसू थांबलं. गावच्या दंडारीत, म्हणजे गडीच लुगडी नेसून नाचतात त्या खेळात, हार्मोनियम वाजवणारा माणूस नेमका नव्हता. त्याच्या सासुरवाडीची मंडईही त्याच दिवशी आली होती आणि बायकोच्या माहेराला नाही म्हणायची त्याची छाती नव्हती. म्हणून मंडळाने भाऊंना गळ घातली होती. गावात कुणीही त्यांना वाजवताना ऐकलेलं नव्हतं.

"मले भेव लागून राहिला जी," ते म्हणाले. "मी सारी उमर पेलेल्या मानसायले ऐकवलं. पेलेला मानूस कशालेई वाहवा म्हनते. तार तुटली तरी म्हनते. मी चांगला वाजवतो का वाईट, मलेच मालूम नाही."

"अहो, एवढे गिटारवाले तुम्हाला ऐकायला यायचे."

"तेबी पेतच होते ना."

भाऊ पाण्याकडे बघत पुढे बोलले, "उद्या सारा गाव शुद्धीत राहीन. त्याचंबी काही नाही. पन रेखाची माय आली आनि तिनं नाक मुरडलं, त मंग मी इतकी वर्सं घर सोडून काय केलं?"

रेखा ही त्यांची एकुलती एक मुलगी, लग्न होऊन शेजारच्या तालुक्यात दिलेली. रेखाची माय म्हणजे कुंतावैनी. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याची गिटार एकदाही ऐकलेली नव्हती.

संध्याकाळी वैनी उडीद वाटत होत्या, तेव्हा मी त्यांना विचारलंच. त्या हात न थांबवता म्हणाल्या, "कुठं ऐकू? बारमंदी जाऊ का?"

"आणि घरी?"

"घरी पेटी वर ठेवली राहे. तो त्यायचा धंदा होता. लोहार का घरी येऊन घन मारते? त्यायनं वाजवलं नाही, मी म्हटलं नाही."

मंडई

मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे, हे आमच्याकडच्या वाचकांसाठी. दिवाळीनंतर झाडीतल्या प्रत्येक गावाचा एक दिवस ठरलेला असतो. त्या दिवशी गावात जत्रा भरते, गुरं राखणारे गोवारी लोक मोरपिसं लावलेल्या उंच काठीची ढाल नाचवत आणतात, दिवसा दंडार आणि रात्री नाटक. आणि प्रत्येक घरी पाहुणे, बोलावलेले आणि न बोलावलेलेही. आमच्याकडे जत्रेला पाहुणा येतो तो आधी कळवून. इथे नुसतं "पाहुने आले" म्हणतात आणि पाट मांडतात. कोण, कुठले, ही चौकशी वडे खाऊन झाल्यावर.

सकाळपासून वैनी कढईपुढे होत्या. उडदाचे वडे, पुऱ्या, मोठ्या गंजात भाजी. रेखा आली, पण सासू, दीर, नणंद यांना घेऊन आलेली, त्यामुळे तीही पाहुणीच. सासरच्या माणसांना सोडून तिने चुलीपाशी बसणं कुणालाच बरं दिसलं नसतं. शेजारणींच्या घरी त्यांचे त्यांचे पाहुणे.

भाऊ गिटारची पेटी घेऊन निघाले. दारात थांबले. चप्पल घातली, काढली, पुन्हा घातली.

"येशीन का?" त्यांनी बायकोकडे न बघता विचारलं.

"आनि पाहुन्यायचं कोन पाहीन?"

"हो, तेबी खरंच," भाऊ म्हणाले आणि भरभर निघून गेले. त्यांची सुटका झाली होती आणि हिरमोडही झाला होता. दोन्ही एकाच पाठीवर दिसत होतं.

वैनींनी घाण्यातला वडा उलटला. मग उगाच पुन्हा उलटला. मला काय झालं कोण जाणे, मी पाट ओढून त्यांच्या शेजारी बसलो.

"वैनी, झारा इकडे द्या. तुम्ही जा."

"तुमी ऐकाले आले ना इतक्या लांबून?"

"मला भोंग्यातून ऐकू येईल. घरचा सकाळचा स्वयंपाक मीच करतो, बायकोची बँक असते."

त्यांनी मला परत एकदा आपादमस्तक पाहिलं. लुंगी भाऊंचीच होती. "एक वडा थापून दाखवा."

मी थापला, सोडला, तळून काढला. त्यांनी मोडून पाहिला.

"जाडा हाय. पन पाहुने भुकेले हायेत, खातीन."

आत गेल्या, लुगडं बदलून आल्या आणि मागच्या दाराने, गोठ्याच्या बाजूने निघाल्या. जाताना म्हणाल्या, "त्यायले सांगू नका."

त्यानंतरची माझी दुपार म्हणजे निव्वळ धमाल. पाहुणे येत राहिले. दार उघडं, घरात घरधनी नाही, घरधनीण नाही, आणि चुलीपुढे लुंगीतला एक अनोळखी चष्मेवाला.

"तुमी कोन जी?"

"मीही पाहुणाच. बसा, गरम वाढतो."

एका आजोबांनी सात-आठ वडे खाऊन, टेकचंदनं नवा सोयरा केला वाटते, असा निष्कर्ष काढला आणि माझी जमीन किती ते विचारलं.

मग भोंगा खरखरला. ढोलकी सुरू झाली, झांजा वाजल्या. लुगडी नेसलेले गडी आता नाचायला उतरले असणार, हे लोकांच्या हसण्यावरून कळलं. आणि त्यावर गिटार आली.

मी ती ओळखलीच नाही. मला सवय त्या बुटक्या आवाजाची. हा आवाज मोकळा होता, लांब घुमणारा, तारा अगदी शेवटपर्यंत थरथरू देणारा. चिंधी नव्हती. खर्ज ढोलकीशी भांडत होता, मग समजूत काढत होता, आणि वर दंडारीच्या गाण्याची चाल मोठ्या गोडीने चालली होती. तीन आवाज, एक माणूस, कुणाची ऑर्डर नाही की ग्लासांची खणखण नाही. मी झारा धरून तसाच बसलो. अख्खा घाणा करपला. मी रडलो असेन तर त्याचा दोष धुराला देणार नाही.

आणि लाइट गेली. भोंगा गप्प. दूरवर लोकांचा "ओऽऽ" ऐकू आला आणि मग काहीच नाही. मी दारापर्यंत गेलो, कान ताणले. ओट्यावर पाहुणे बसलेले, चुलीवर तेल तापलेलं. परत येऊन पुढचा घाणा सोडला. माझी मैफल तिथेच संपली.

पुढचं मला रेखाने सांगितलं. माईक बंद पडल्यावर भाऊ थांबले नाहीत. लोकच सरकत सरकत पुढे आले. बायकांच्या मागे, झाडाआड पदर तोंडापर्यंत ओढून उभ्या असलेल्या वैनींना आता काही ऐकू येईना. थोडा वेळ त्या तिथेच चुळबुळत राहिल्या, मग सरळ चालत गेल्या आणि सगळ्यांच्या पुढे, दंडारीच्या अगदी कडेला मांडी घालून बसल्या. भाऊंनी मान वर केली आणि त्यांना पाहिलं. "बाबाचा हात चुकला," रेखा म्हणाली. "मायनं असं हातानं केलं, चालू द्या म्हनून. मंग चुकला नाही."

दिवस मावळता भाऊ घरी आले. पाहुण्यांची एक पंगत उठली होती. ते हातपाय धुऊन पाटावर बसले. वैनी त्यांच्याआधीच परतून वाढायला लागल्या होत्या. रेखाच्या सासूबाई तोंडभरून कौतुक करत होत्या, ते त्या दोघांनी ऐकलंही नसेल. मी अजून कढईपुढेच असल्यामुळे जागेवरून हललो नाही.

वैनींनी भात वाढला, डाळ ओतली. मग परात खाली ठेवून समोरच बसल्या.

"मले वाटे, पेल्याबिगर ऐकता येत नाही असंच काही वाजवत असतीन तुमी."

भाऊंनी घास तसाच धरून ठेवला.

"मंग?" त्यांनी विचारलं.

"इतकं चांगलं होतं त इतकी वर्सं परक्यायले काऊन ऐकवलं?"

"मले वाटलं, तुले आवडनार नाही."

"इचारलं होतं?"

भाऊंनी मान खाली घालून घास तोंडात घातला. डोळ्यांतलं पाणी डाळीत पडलं, त्यांनी ते तसंच भातात कालवलं. वैनी उठल्या, आणखी एक वडा त्यांच्या ताटात टाकला आणि म्हणाल्या, "खा. पाहुन्यानं केले हायेत. जाडे हायेत."

निघताना

रेखाच्या दिराने मोबाइलवर घेतलेलं चित्रण सकाळी मला दाखवलं. त्यात पिपाण्या होत्या, दोन पोरांचं भांडण होतं, आणि या सगळ्यांच्या तळाशी कुठेतरी गिटार. मी ते घेतलं नाही. प्रमोदला मी काय सांगणार, याचा विचार करत पिशवी भरली. माझी पँट वैनींनी धुऊन वाळवली होती.

झाडीत पाहुण्याला एकटं जाऊ देत नाहीत. घरचं कुणीतरी एसटी येईपर्यंत सोबत उभं राहतं, पिशवी आत चढवून देतं, गाडी हलली तरी खिडकीशी बोलत राहतं. मी पिशवी उचलून अंगणात आलो. पडवीत भाऊ गिटार घेऊन बसले होते. वैनी शेजारी सुपात तांदूळ पाखडत होत्या, पण सूप मांडीवर तसंच थांबलेलं होतं.

"निघतो," मी म्हणालो.

भाऊंनी वाजवता वाजवताच मान डोलावली. वैनींनी हात वर केला, पण नजर गिटारीवरच. "येत जा जी," त्या म्हणाल्या आणि मग नवऱ्याला म्हणाल्या, "तेच परत वाजवा. मघाचं."

मी एकटाच फाट्यापर्यंत चालत गेलो. मला सोडायला कुणीही आलं नाही, आणि कुणी आलं नाही याचा एवढा आनंद मला जन्मात झाला नव्हता.